टाचा राहिल्या

तिसरं पिल्लू माझ्या तळहातावर गार पडत होतं, आणि माझ्या विहीणबाई आणखी एका पिल्लाच्या शेपटीखाली कागदाची पट्टी धरून हसत होत्या. गालातल्या गालात नाही, चांगल्या दात दाखवून. संक्रांतीची काळी चंद्रकळा नेसलेली, पायांत गुडघाभर गमबूट, आणि माझ्या डुकरिणीच्या बाळंतखोलीत उकिडव्या बसून ही बाई हसत होती. मी म्हणाले, "माझी पिल्लं मरून राहिली, आणि तुम्हाला हसू येऊन राहिलं?" त्यांनी ती पट्टी माझ्या नाकापुढे धरली. वास आला म्हणून मी मान मागे घेतली, तर पट्टी आणखी पुढे. "बघा तं खरं. लाल होती, निळी आली. निळी आली, विहीणबाई. जंतू आहे, जंतू." नातू झाल्याची बातमी सांगावी तसं त्या सांगत होत्या.

उभ्या जबलपुरात जनावराची घाण एवढी वाचता येणारी दुसरी बाई नाही, हे मी कोणालाही लिहून द्यायला तयार आहे. मी चौथीपर्यंत शिकले, मला पेपर वाचता येतो. विहीणबाई बारावी झालेल्या, पण पेपर त्या वाचत नाहीत. पेपराचा त्या बोळा करतात, कशाखाली तरी धरतात, उजेडात नेतात आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर जे येतं ते मी देवळातल्या बायकांच्या चेहऱ्यावरसुद्धा पाहिलेलं नाही. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात त्या तेहतीस वर्षं होत्या. डॉक्टर नव्हत्या. तपासणीच्या खोलीत काचेच्या नळ्या धुण्यापासून सुरुवात केली आणि शेवटी डॉक्टर त्यांना विचारून औषध लिहायचे. डॉक्टर बदलून जात, त्या राहत. गाय, म्हैस, बकरी, घोडा सगळं पाहिलं, पण जीव डुकरावर. "गाईला दूध असते म्हणून सगळे विचारतात," त्या म्हणायच्या, "डुकराच्या पिल्लाला हगवण लागली तं त्याला विचारणारं कोण आहे? मी आहे."

आमची ओळख झाली ती माझी मुलगी त्यांच्या मुलाला दाखवली तेव्हा. मुलगी बघायला आलेल्या बाया काय विचारतात, ते सगळ्यांना माहीत आहे. या बाईने पोह्यांची बशी हातात घेतली, पोहे नीट निरखून पाहिले, आणि माझ्या मुलीला विचारलं, "जनावराच्या घाणीची किळस येते तुला?" मुलगी म्हणाली, "येते." विहीणबाईंनी पोह्यांचा घास घेतला. "खरं बोलते. चलो, आमच्याकडून पसंत आहे." मुलाला अजून कोणी विचारलंही नव्हतं. तो कोपऱ्यात बसून होता, आणि आजही तसा कोपऱ्यातच असतो.

त्यांच्याबरोबर जेवायला बसणं म्हणजे एक परीक्षा असते. स्वतः कांदा-लसूण खात नाहीत. चातुर्मासात वांगंही नाही. पण ताटात काय आहे त्यावरून त्यांना कोणतं ना कोणतं पिल्लू आठवतं. पिठल्यासारखी हगवण वेगळी, कढीसारखी वेगळी, ताकावरच्या पाण्यासारखी सगळ्यांत वाईट. ती झाली की पिल्लू दिवसभरात सुकून जातं. मुलीच्या पहिल्या दिवाळीला आम्ही दीक्षितपुऱ्यात त्यांच्या घरी जेवायला गेलो होतो. बासुंदी वाढली. विहीणबाईंनी वाटी हलवली आणि म्हणाल्या, "अशीच. अगदी अशीच, वरची साय धरून." पुढे त्या सांगत होत्या आणि सगळ्यांच्या वाट्या एक एक करून खाली जात होत्या. त्या घरात तेव्हापासून बासुंदी झालेली नाही. श्रीखंड अजून करतात, कारण श्रीखंडासारखं काही होत नाही असं त्यांनीच सांगितलेलं आहे.

त्यांच्या खांद्याला कापडी पिशवी असते. लग्नाला जावो, बारशाला जावो, मयताला जावो, पिशवी असतेच. तिच्यात दोन थर्मामीटर. लाल दोऱ्याचं दोन पायांच्यांसाठी, हिरव्या दोऱ्याचं चार पायांच्यांसाठी. चार पायांच्यांना ते कुठे लावतात ते मी लिहीत नाही. गोष्ट एवढीच की दोरे जुने झाले, त्यांचा रंग उडाला, आणि आता दोन्ही दोरे मातकट दिसतात. विहीणबाई म्हणतात, मला हातात घेतल्यावर कळते. माझा जावई आज चाळीस वर्षांचा आहे. दहाव्या वर्षापासून त्याने आपल्याला ताप आलेला कधी आईला कळू दिलेला नाही. पिशवीत लाल दवेची, म्हणजे पोटॅशच्या जांभळ्या खड्यांची पुडी, मीठ-साखरेची पाकिटं, एक जुना दातांचा ब्रश, लाल-निळ्या कागदी पट्ट्यांची डबी आणि तळाशी ते गमबूट. बूट ओमतीच्या बाजारातल्या एका दुकानातले. बायकांच्या मापाचे मिळाले नाहीत म्हणून पुरुषांचे घेतले, आणि पुढे बोटांकडे वर्तमानपत्र कोंबलं. पेपराचा त्यांना हा दुसरा उपयोग. चालताना फचक फचक आवाज येतो. गल्लीतली कुत्री तो आवाज ओळखतात आणि शेपटी खाली दाबून बसतात.

माणसांना त्या 'तू' म्हणतात आणि जनावरांना 'तुम्ही'. एकटी मी तेवढी माणसांत असून 'तुम्ही', कारण विहीण. माझ्या डुकरिणीचं नाव बेबी. तिला त्या "बेबीबाई, जरा सरकता का?" असं विचारतात, आणि ती सरकते. मी दोन वर्षं तिला लाकडाने ढोसत होते, तेव्हा ती कान हलवायची. जनावर मेलं असं त्या कधी म्हणत नाहीत, "सुटलं" म्हणतात. मी मेलेल्याला मेलेलं म्हणते. यावरूनही आमचं एकदा वाजलं होतं.

पण खरं वाजलं होतं ते लग्नात, आणि ते मी नऊ वर्षं मनात धरून होते. आमच्यात मुलीच्या आईने मुलाच्या आईचे पाय धुवायचे असतात. मी परात घेतली, कोमट पाणी घेतलं, विहीणबाईंना पाटावर बसवलं आणि शंभर माणसांसमोर पाय धुतले. पुसायला टॉवेल उचलला, तर वरून आवाज आला, "टाचा राहिल्या." मला वाटलं थट्टा करतात. वर पाहिलं, तर थट्टा नव्हती. "टाचा राहिल्या, विहीणबाई. घासून धुवा." बायका तोंडाला पदर लावून हसल्या. माझ्या नणंदेने हे पुढे सगळ्या नात्यात पोचवलं. मी टाचा घासल्या. चांगल्या घासल्या. आणि मनात म्हटलं, या बाईला आयुष्यात पुन्हा माझं काही राहिलेलं दाखवायची संधी द्यायची नाही.

आता डुकरं. हे गेले आणि मी भेडाघाटच्या रस्त्याला आमच्या जमिनीच्या तुकड्यावर एकटी राहिले. मला गाय घ्यायची होती, पण गाय लाथ मारते आणि माझी हाडं आता लाथेची नाहीत. म्हणून पांढरी विलायती डुकरं घेतली. तीन मोठी खाऊ घालून वाढवायची आणि विकायची, आणि ही बेबी पिल्लांसाठी. नातेवाइकांनी नाकं मुरडली. मुरडू देत. नागपूरहून माझा मुलगा दर आठवड्याला फोन करायचा, "आई, आता पुरे." बेबी पहिल्यांदा गाभण राहिली तेव्हा त्याने अट घातली, "ही एक वीण बघू. पिल्लं जगली तं ठेव तुझी डुकरं. नाही जगली तं बेबी विकू, शेड बंद, आणि तू माझ्यासंग चल." मी बरं म्हटलं. मला वाटलं होतं, पिल्लं काय, होतात आणि जगतात. नागपूरला त्याचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. गॅलरीत तुळशीची एक कुंडी आहे आणि तिला पाणी घालायला सून आहे. मी तिथे काय करू?

बेबी शुक्रवारी व्यायली. अकरा झाली. अकरा पिल्लं ओळीने सडांना लागलेली पाहिली आणि मी मुलाला फोन करून फक्त आकडा सांगितला. तो म्हणाला, "रविवारी येतो बघायला. येत्या नाही, पुढच्या." मग मला आठवलं की सोमवारी संक्रांत आहे, आणि संक्रांतीला विहीणबाई तिळगूळ घेऊन येतात. वर्षातून एकदाच येतात, पण आल्या की आधी शेडमध्ये जातात. मी कामाला लागले. रोज सकाळ-संध्याकाळ पाइप लावून बाळंतखोली धुऊन काढली. फरशी आरशासारखी. बाळंतिणीची खोली म्हणून चपला दाराबाहेर काढायचा नेमही केला. म्हटलं, आता दाखवा काय राहिलं ते.

रविवारी सकाळी दोन पिल्लांच्या शेपट्या ओल्या दिसल्या. दुपारपर्यंत पाच. पिवळं पाणी, नुसतं पाणी, मागून गळत होतं आणि मागचे पाय त्याने चिकटून गेले होते. पिल्लं सडाला लागेनात. डोळे आत गेले. कालपर्यंत गुलाबी होती ती वाळत टाकलेल्या फडक्यासारखी दिसायला लागली. मी ओवा दिला. हळद दिली. आणि घाण होते म्हणून खोली आणखी दोनदा धुतली. सोमवारी उजाडल्यावर एक मेलेलं सापडलं, दहा वाजता दुसरं मेलं. रविवारला सहा दिवस होते. मी मनातल्या मनात ट्रंकेत काय काय भरायचं ते मोजायला लागले होते.

अकराला ऑटो थांबली. विहीणबाई तिळगुळाचा डबा घेऊन उतरल्या. मी पुढे झाले नाही, दारातच उभी राहिले. त्यांनी नाक वर केलं. रस्ता ते शेड चांगलं पन्नास पावलं आहे. "कवापासून आहे?" त्यांनी विचारलं.

"काय कवापासून?"

"विहीणबाई, तिळगूळ मग घेऊ. कवापासून आहे?"

"काल सकाळपासून."

"पिठल्यासारखी का ताकाच्या पाण्यासारखी?"

"ताकाच्या पाण्यासारखी," मी म्हणाले, आणि पहिल्यांदा मला त्यांचा तो जेवणातला अभ्यास उपयोगी पडला. डबा त्यांनी ऑटोवाल्याच्या हातात दिला, पिशवीतून बूट काढले, चंद्रकळेचा काठ कमरेला खोचला आणि आत गेल्या. ऑटोवाला डबा घेऊन उभाच होता. "दीदी, ये किसको देना है?" "तू खा," विहीणबाई आतून म्हणाल्या. त्याने खाल्ला असावा. आम्हाला तो डबा पुन्हा दिसला नाही.

मग ती पट्टी, आणि ते हसणं. तिसरं पिल्लू माझ्या हातात होतं ते तेवढ्यातच गेलं. "सुटलं," त्या म्हणाल्या. मी म्हणाले, "मेलं. आणि तुम्ही हसता काहून ते सांगा आधी."

"ऐका. हगवण दोन जातीची. एक अशी की पट्टी आंबट दाखवते. तीत बहुतेक वेळा औषध चालत नाही, आपण हात जोडून बसायचं. आणि एक ही, जंतूची. हिला औषध लागू पडते. निळी पट्टी आली म्हणजे आपल्याला दार उघडं आहे. तेहतीस वर्षं झाली, निळी दिसली की मला हसू येते. मी काय करू?" आणि लगेच पिशवीतून मोबाइल काढून त्यांनी जनावरांच्या डॉक्टरला लावला. हा डॉक्टर आता मोठा झालेला, लोक त्याला साहेब म्हणतात.

"मी बोलून राहिली."

पलीकडून काहीतरी आलं.

"कोण म्हणजे? तू नवीन होता तेव्हा बकरीची नस कोणी दाखवली होती तुला? हां. अच्छा, ऐक. तीन दिवसांची पिल्लं, आठ शिल्लक, सहा ओली, निळी आली. पहिलटकरीण आहे, चिकात दम नसल. तोंडात मारायची पिचकारी घेऊन ये. नाही, उद्या नाही. उद्या मला तू नको, फावडं लागल."

अर्ध्या तासात डॉक्टर मोटरसायकलवर हजर. त्याने पिल्लं पाहिली, बेबीचा ताप पाहिला, पट्टी पाहिली आणि तेच औषध काढलं. निघताना मला म्हणाला, "अम्माजी, दवा मैंने दे दी। बाकी ये जो बोलें, वही करना।" आणि विहीणबाईंच्या पाया पडून गेला. त्या तेव्हा दुसरीकडे बघत होत्या. फरशीकडे.

"किती वेळा धुतली ही?"

मी अभिमानाने सांगितलं. सकाळ-संध्याकाळ, आणि काल चारदा.

"पौषाच्या थंडीत? पाइपाच्या पाण्याने?"

"तुम्ही येणार होत्या म्हणून."

त्या म्हणाल्या, "पिल्लाला कोरडं आणि गरम लागते. स्वच्छ मग. ओल्या फरशीवर त्यांचं पोट गार पडलं. पण ओल्याने जंतू जन्मत नाही, तो कुठून तरी चालत आला. कोण कोण येते इथं?"

"मी एकटी. आणि चपला बाहेर काढून येते हो मी. बाळंतिणीच्या खोलीत चपला घालून कोण जाते?"

"आणि बाहेर कुठून येता?"

त्या मोठ्या तीन डुकरांच्या वाड्यातून येत होते. आधी त्यांचं खाणं, त्यांची घाण काढणं, मग तसंच अंगण ओलांडून इकडे. दारात चपला काढायच्या आणि अनवाणी आत. चपला दारातच राहत, आणि चपलेत जे होतं नव्हतं ते माझ्या पायांबरोबर आत. विहीणबाई म्हणाल्या, "पाय वर करा."

मी भिंतीला धरून पाय वर केला. माझ्या टाचांना भेगा आहेत, बोटभर खोल. थंडीत त्यांतून रक्त येतं. त्यांनी टॉर्च लावून पाहिलं. माझ्या आयुष्यात माझी टाच एवढ्या लक्ष देऊन कोणी पाहिली नव्हती. "हे पहा," त्या म्हणाल्या, "इथं बसला आहे. घर करून बसला आहे."

मग त्यांनी घमेलं मागितलं. कोमट पाणी घेतलं, त्यात लाल दवेचे दोन खडे टाकले, पाणी गुलाबी झालं. मला उलट्या बादलीवर बसवलं. आणि ती बाई, मुलाची आई, सत्तरीच्या जवळ आलेली, चंद्रकळेसकट त्या ओल्या फरशीवर गुडघे टेकून बसली आणि तिने माझा पाय हातात घेतला. मी पाय मागे ओढला. "काहीतरीच काय? तुम्ही मुलाकडच्या. हे उलटं होते."

"जंतूला मुलाकडचं मुलीकडचं कळत नाही. पाय सोडा."

पिशवीतल्या त्या जुन्या ब्रशाने त्यांनी एक एक भेग घासली. झोंबत होतं. मी इकडे तिकडे बघत होते. शेवटी नऊ वर्षांचं तोंडावर आलंच. "लग्नात तुम्ही मला शंभर माणसांत म्हणाल्या, टाचा राहिल्या."

"राहिल्याच होत्या." ब्रश थांबला नाही. "त्या दिवशी पहाटे मला बोलावणं आलं होतं. एका ठिकाणी चौदा पिल्लं अशीच गळून राहिली होती. मी तिथून सरळ मांडवात आली. साडी बदलली, पाय खसखसून धुवायला सवड नाही झाली. आणि तुमच्या घरात तान्हं होतं, तुमच्या भाचीचं, दीड महिन्याचं. बाया त्याला इकडून तिकडे देऊन राहिल्या होत्या, जमिनीवर ठेवून राहिल्या होत्या. माझा जीव टाचेत होता."

"मग सांगायचं होतं."

"काय सांगू? मुलाची आई डुकरिणीकडून आली आहे? तुम्ही पोरगी दिली असती?"

मी विचार केला. "नसती दिली."

"मग?" त्या म्हणाल्या. "दुसरा पाय."

त्या सहा दिवस माझ्याकडे राहिल्या. नेसत्या चंद्रकळेवर आल्या होत्या, तिचं पोतेरं झालं, मग माझी लुगडी नेसल्या आणि ती त्यांना दोन वीत लांब होती. फरशी कोरडी करून चुना मारला, भाताचं तणस हातभर जाड पसरलं, कोपऱ्यात मोठा पिवळा बल्ब खाली टांगला. दारात लाल दवेचं घमेलं ठेवलं आणि आत यायचं तर धुतलेल्या बुटातच. एकच जोड होता. म्हणून एकीने आत असायचं तर दुसरीने बाहेर. आत-बाहेर करताना आम्ही दोघी अंगणात खाटेवर बसून बूट बदलायचो, आणि वर्तमानपत्र कोण चांगलं कोंबते यावरून भांडायचो. मोठ्या डुकरांचं काम सगळ्यांत शेवटी, इकडचं आटोपल्यावर. बेबीचे सड दर वेळी कोमट पाण्याने पुसायचे. "बेबीबाई, माफ करा हं," असं म्हणून विहीणबाई पुसायच्या. मी पुसायला गेले तर बेबी उठून उभी राहायची, म्हणून मीही शेवटी "माफ करा" म्हणायला लागले. कोणी ऐकत नाही हे बघून.

आठ पांढरी पिल्लं, सगळी सारखी. कोणाला औषध झालं, कोणाला राहिलं, कळायला मार्ग नव्हता. विहीणबाईंनी देवघरातून कोयरी मागवली. औषध झालेल्याच्या पाठीवर हळदीचं बोट, मीठ-साखरेचं पाणी पाजलेल्याच्या कपाळावर कुंकवाचं. शेपटी कोरडी झाली की कानाला काजळ. थोड्या वेळात माझी बाळंतखोली लग्नघरासारखी दिसायला लागली. मंगळवारी सकाळी त्यांतलं एक मेलं, हळद-कुंकू लावलेलं. विहीणबाई त्या वेळी "सुटलं" म्हणाल्या नाहीत. त्याला पेपरात गुंडाळलं, खोल खड्डा करून वर चुना टाकला आणि हात कोपरापर्यंत सात वेळा धुतले, मोठ्याने मोजत. मग मला म्हणाल्या, "सात आहेत. चला."

सातांतलं एक अगदी शेंबडं, किडमिडीत होतं. इतर सडाला लागली की हे बाहेर फेकलं जायचं. विहीणबाई त्याला बल्बखाली मांडीवर घेऊन बसायच्या, दर अर्ध्या तासाने ड्रॉपरने दोन दोन थेंब, आणि त्याच्याशी बोलायच्या. मी बाहेरून ऐकलं आहे. "तुमची आजी नागपूरला गेली तं तुम्हाला कोण विचारल? काही लाज धरा. प्या." नागपूरचं मी त्यांना सांगितलं नव्हतं. मुलीने सांगितलं असावं. मी आत गेले नाही. बूट त्यांच्या पायात होते.

बुधवारी दोघांच्या कानाला काजळ लागलं. गुरुवारी आणखी चौघांच्या. शुक्रवारी सकाळी मी चूल पेटवत होते आणि शेडमधून हाक आली, अशी की मी हातातलं लाकूड घेऊनच धावले. वाटलं, गेलं ते शेंबडं. विहीणबाई दारात उभ्या, डोळे भरलेले, हातात टॉर्च. "बघा," म्हणाल्या. तणसावर, सूर्य वर आलेला असून वर टॉर्चचा उजेड धरून, त्यांनी मला दाखवली एक बोटभर लेंडी. घट्ट. तपकिरी. शेंबड्याची. आम्ही दोघी म्हाताऱ्या तिच्याकडे बघत उभ्या राहिलो. मी खोटं बोलणार नाही, सुंदर होती.

विहीणबाईंनी तिचा फोटो काढला आणि घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. खाली एकच शब्द, "पाहा". माझा मुलगा तेव्हा ऑफिसात डबा खात होता. तो ग्रुप सोडून गेला. पाच मिनिटांनी माझ्या मुलीचा फोन आला. "आई, मम्मींनी हे काय टाकलं?" मी म्हणाले, "शेंबड्याची आहे." ती म्हणाली, "घट्ट आहे ना?" पोरगी त्या घरात नऊ वर्षं राहिली होती, काही वाया गेलेलं नव्हतं.

रविवारी मुलगा आला. गाडी फाटकाशी लावून सरळ शेडकडे निघाला, तर विहीणबाईंनी दारातच अडवला. "घमेल्यात पाय दे आधी. बूट काढून नाही, बुटासकट." तो नव्या बुटांनी गुलाबी पाण्यात उभा राहिला. त्यांनी खाली वाकून पाहिलं. "टाचा राहिल्या." त्याने मुकाट्याने टाचा बुडवल्या. मग आत जाऊन त्याने पिल्लं मोजली, दोनदा. हळद-कुंकू-काजळ लावलेली सात पिल्लं बेबीला ओळीने लागलेली होती, शेंबडं सगळ्यांत पुढच्या सडाला, जिथे दूध जास्त असतं. "अकरा म्हणाली होतीस," तो म्हणाला. मी म्हणाले, "चार मेली." तो बाहेर येऊन खाटेवर बसला. जेवला. जाताना मला म्हणाला, "दारातला बल्ब बदल, मिचमिचून राहिला." नागपूरचं नाव त्याने काढलं नाही, मीही काढलं नाही. ट्रंक पलंगाखालीच होती.

त्या सहा दिवसांत गार फरशीवर गुडघे टेकून टेकून विहीणबाईंचे गुडघे मात्र गेले. उन्हाळ्यापासून त्यांना जिना उतरवत नाही. दीक्षितपुऱ्याच्या घरात वरच्या मजल्यावर खिडकीशी बसतात, खालून जाणाऱ्या गाईंना "बरं आहे ना तुमचं?" विचारतात. गमबूट त्यांनी मला देऊन टाकले. मला तसे ते बरोबर येतात, पण पुढे पेपर कोंबल्याशिवाय घालावेसे वाटत नाहीत. बेबी दर वेळी व्यायली की मी त्यांना व्हिडिओ कॉल लावते. आधी त्या माझ्या टाचा बघतात, मग पिल्लांच्या शेपट्या, मग मी बरी आहे का ते विचारतात. आता संक्रांतीला तिळगूळ घेऊन मी जाते. या वर्षी गेले तर त्या झोपेत होत्या, पाय पांघरुणाबाहेर. पातळ झालेत. मुलगी म्हणाली, उठवू का. मी नको म्हटलं. कोमट पाणी मागून घेतलं आणि पलंगाशी बसून ते पाय धुतले. टाचा घासल्या. डोळे मिटलेलेच, आणि त्या म्हणाल्या, "आता नाही राहिल्या."

अकरा झाली होती, चार मेली, सात जगली. शेंबडं त्यांतलंच. बेबी जगली. मी जबलपुरातच आहे.